विहिरीवरचा बारावा

चष्म्याच्या दुकानात काचा घासून देणारा तो माणूस दुपारी दोनला दुकान बंद करायचा आणि अडीचच्या ठोक्याला थोरल्या बहिणीच्या, ताईच्या खोलीत हजर व्हायचा. सात महिने यात खंड नव्हता. खोली पहिल्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला. पलंग, औषधांचं टेबल, एक खुर्ची. मेंदूतली एक बारीक शीर फुटली आणि ताईची वाचा गेली. कान शाबूत, डावा हात शाबूत, समज शाबूत. शब्द मात्र एकही नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तिच्याशी नवं काही बोलू नका. ती स्वतः पूर्वी जे बोलायची तेच बोला, आणि वाक्य अर्ध्यावर सोडा. उरलेलं तिला पुरं करू द्या.

ताई पूर्वी काय बोलायची, हे त्याच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं.

तो नऊ वर्षांचा आणि ताई सोळाची असताना घरात व्हिडिओ गेमचं यंत्र आलं होतं. बरोबर एकच खेळ, तोही परक्या भाषेतला. एक निरोप्या गावोगाव फिरतो. माणूस भेटला की बटण दाबायचं. पडद्याच्या तळाशी चौकट उघडते आणि तीत ओळी उमटतात. बटणं त्याच्याकडे, वाचून दाखवणं ताईकडे. निरोप्या आपल्या हरवलेल्या थोरल्या भावाला शोधत होता. प्रत्येक गावात कुणीतरी त्या भावाला नुकतंच पाहिलेलं असायचं. विहिरीवरची बाई म्हणायची, कालच पाणी पिऊन गेला. नावाडी म्हणायचा, पुष्कळ वाट पाहिली हो त्याने तुझी. खेळ संपायच्या आत यंत्र बिघडलं आणि भाऊ सापडायचा राहून गेला.

मोठेपणी त्याने तसंच यंत्र आणि तोच खेळ खटपट करून मिळवला. जुन्या खेळांच्या चाहत्यांचं एक पत्रक निघायचं, त्यात वीस वर्षं त्या खेळावर लिहिलं. आजच्या खेळांत घोड्याच्या आयाळीचा केस न् केस मोजता येतो, पण कुणाची वाट पाहावीशी वाटत नाही, हे त्याचं ठरलेलं म्हणणं. मग सहा वर्षांपूर्वी कुणीतरी त्या खेळाचा ओळ न् ओळ अनुवाद काढला. निरोप्या राजाला पत्र पोचवतो, एवढीच कथा. विहिरीवरची बाई म्हणते, पाणी गोड आहे, विसावा घ्या. भाऊ कुठेच नव्हता.

त्याने ताईला जाब विचारला तेव्हा ती हसत सुटली होती. "मला तरी कुठे ती भाषा येत होती रे? तू दर पाच मिनिटांनी उठून पळायचास. तुला जागेवर बसवायला भाऊ आणला."

"मग तो सापडतो का शेवटी?"

"सापडला असता तर तू पुढचं ऐकलं असतंस?"

त्याला ही ताई परत हवी होती. निदान एका वाक्यापुरती.

त्याने यंत्र आणून ताईच्या खोलीतल्या टीव्हीला जोडलं. ताईचं सगळं करणाऱ्या बाई चादर बदलता बदलता म्हणाल्या, की पन्नाशीला टेकलेल्या माणसाने हे असलं खेळावं म्हणजे कमाल आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, असं तो म्हणाला. तर बाई म्हणाल्या, मग मलाही दिवसातून दोन वेळा लिहून द्यायला सांगा.

आठ दिवस तो खेळला, ताईच्या ओळी म्हणत राहिला, अर्ध्यावर सोडत राहिला. ताई पडद्याकडे पाहत पडून असायची. नवव्या दिवशी चौकट उघडल्यावर तो म्हणाला, "कालच पाणी पिऊन..."

"गेला," ताई म्हणाली.

तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ कठडा धरून उभा राहिला. बाईंनी शेजारपाजारी सांगून टाकलं.

त्या आठवड्यात ताई अर्धी वाक्यं पुरी करू लागली, मग पूर्ण वाक्यं म्हणू लागली. फक्त चौकट उघडी असेपर्यंत. चौकट मिटली की तोंड मिटलं. नुसत्या गप्पांना, डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नांना उत्तर नाही. आणि एका दुपारी विहिरीवरच्या बाईसमोर बटण दाबल्यावर ती शांतपणे म्हणाली, "ही म्हणते, आत दूध उतू जातंय."

त्याला हसू आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला आणि बाई धावल्या.

ताईचे कान तिखट, हे त्याने स्वतःला बजावलं. पण काचेत पाव नंबराचा फरकही ज्याला खपत नाही असा तो माणूस. त्याने एक वही सुरू केली. वाक्य किती वाजता म्हटलं, गोष्ट किती वाजता घडली. दूध, लगेच. खालच्या मजल्यावर पाहुणे, चार मिनिटांनी. बाईंच्या मुलीचा पास झाल्याचा फोन, दुसऱ्या दिवशी सकाळी. उद्याचा फोन आज ऐकू येत नाही, हे वहीत लिहायची गरज नव्हती.

त्याने यंत्र बंद केलं. पहिल्या दिवशी ताईने भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी घास घेईना. चौथ्या दिवशी बाईंनीच सुनावलं, "दादा, तुमचं शास्त्र राहू द्या. ती खंगत चाललीय."

पाचव्या दिवशी खेळ सुरू झाला तेव्हा विहिरीच्या पायरीवर एक माणूस उभा होता. पाठमोरा. निरोप्याच्याच रंगाचा, थोडा उंच. इतक्या वर्षांत तो तिथे कधी नव्हता.

त्याने पडद्याचा फोटो काढून नकाशेवाल्याला पाठवला. हा त्याचा पत्रकातला जुना मित्र. त्या खेळातलं प्रत्येक गाव, माणसांसकट, त्याने चौकटींच्या कागदावर उतरवलं होतं. एरवी फोनवर तासभर सोडायचा नाही. आज त्याने आधी कागद चाळले.

"माझ्याकडे या गावात अकरा माणसं आहेत," तो म्हणाला. "तू काही केलंयस का खेळाला?"

"हातसुद्धा लावलेला नाही."

"मग बटण दाबू नकोस. बाकीच्यांना काय बोलायचं ते कुणीतरी लिहून ठेवलंय. याचं कुणी लिहिलेलंच नाही."

त्याने फोन ठेवला. ताई उशीला टेकून बसली होती. सात महिन्यांत तिचे डोळे इतके जागे त्याने पाहिले नव्हते. निरोप्याला त्याने विहिरीशी नेलं.

"दाबू का, ताई?"

तिने मान डोलावली.

त्याने बटण दाबलं.

चौकट उघडली. आत एकही अक्षर नव्हतं.

ताईचे डोळे त्या रिकाम्या चौकटीवरून डावीकडून उजवीकडे सरकले. मग खालच्या ओळीवर आले, आणि पुन्हा सरकले.

"हा म्हणतो, मीच येणार होतो. वाट तेवढी मिळत नव्हती."

चौकट मिटली. विहिरीची पायरी रिकामी होती, गावात अकरा माणसं होती. त्याने दोनदा मोजली.

त्याने यंत्र बंद केलं, तार काढली, आणि ताईकडे पाहायचं धाडस होईना म्हणून तार गुंडाळत बसला.

"उकडतंय रे," ताई म्हणाली. "खिडकी उघड ना."

चौकट नव्हती. पडदा काळा होता. आवाज तिचा होता, पूर्वीचा, थोडा घोगरा. त्याने खिडकी उघडली. परत येऊन तो खुर्चीत बसला आणि तिचा हात धरला.

बाई दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे डोळे भरले होते.

"बाई," ताई म्हणाली, "एक खुर्ची आणा हो."

"मी बसलोय की, ताई."

"तुला नाही रे. त्याला वाट मिळाली."

बाईंनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. कपाळावर आलेले केस कानामागे सारले. मग आतून खुर्ची आणली, हाताने पुसली, त्याच्या खुर्चीमागे ठेवली, आणि कुणाला तरी वाट द्यावी तशा एक पाऊल बाजूला सरकल्या.