सेनापतीचा कोपरा

माझ्या नवऱ्याला गप्प राहण्याचं वावडं आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

ह्यांच्या आवडत्या एका जुन्या सेनापतींचं लहानपणीचं घर जसंच्या तसं जपलंय, ते पाहायला आम्ही गेलो होतो. हौस ह्यांची, पाय दुखणार माझे. बसमध्ये रस्ताभर सेनापतीपुराण. दिलेला हुकूम त्या माणसानं आयुष्यात कधी मागे घेतला नाही, हे तर तीनतीनदा. मी नुसती हूं हूं करत होते.

घरात पॉलिशचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. राखणदार बाईंनी जेवणाचं टेबल दाखवलं. तिथल्या एका खुर्चीच्या पायाला टाचा आपटून आपटून खळगे पडले होते. मग शेजारचा कोपरा. लहानग्या सेनापतीला वडील तिथं भिंतीकडे तोंड करून उभं करायचे.

घर बंद करायची वेळ झाली तशी बाई कोपऱ्यापाशी गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ये रे बाळा, झालं आता."

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"रोजचंच आहे, साहेब. त्याला तसंच उभं ठेवून दार लावायचं नसतं."

झालं. ह्यांना चेव आला. आवाज घोगरा करून कोपऱ्याकडे बोट रोखलं, "खबरदार! मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "साहेब... आता तुम्हीच सोडा त्याला. ज्यानं उभं केलं त्याचंच ऐकतो तो."

"मी भिंतीशी बोलत नाही," हे म्हणाले. मग आत्ता कोणाशी बोलले होते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीच्या कोपऱ्यात ओल दिसली. कमरेच्या उंचीवर, बशीएवढी. हात लावला तर उबदार. कोणीतरी भिंतीला नाक टेकून श्वास सोडत असावं, तशी. प्लंबर म्हणाला, इथून पाइपच जात नाही.

"अहो, बोला ना दोन शब्द. सोडा त्या पोराला."

"अगं, रंगाऱ्यानं रंग हलका वापरलाय."

मी स्वतः सांगून पाहिलं, ओल हलली नाही. दुपारी तिथून नाक ओढल्याचा आवाज यायला लागला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, ह्या घरात आता चहा मिळणार नाही. चहापुढे ह्यांचं काही चालत नाही. कुरकुरत गेले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "बरं बाबा, चुकलं माझं. जा, सोडलं तुला."

डाग बघता बघता वाळला. मला इतकं हायसं वाटलं, की चहात साखर जास्तच पडली.

"या आता," मी हाक मारली.

हे वळले नाहीत.

"अहो, पुरे झालं नाटक."

"हलता... येत नाही गं," हे कुजबुजले. "तो हलू नको म्हणतोय."

माझ्या मागे जेवणाच्या टेबलाशी खुर्ची सरकली. मग तिच्या पायावर टाच आपटल्याचा आवाज. टक... टक...

मी त्या रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडले. "बाळा, झालं आता. सोड त्यांना."

टकटक थांबली. मी वाट पाहिली. मग ती पुन्हा सुरू झाली, अगदी सावकाश.

तेव्हापासून हे तिथंच आहेत. भरवते मीच, रागावतेही मीच, पण उलट उत्तर येत नाही, त्याचीच फार भीती वाटते. आज सकाळी टकटक ऐकू आली नाही. भिंत पुसायला गेले, तर ओल परत आली होती. ह्या वेळी ह्यांच्या नाकाच्या उंचीवर. आणि तिच्या शेजारी, खाली कमरेपाशी, तेवढीच दुसरी.