ओल्या चुन्यातली मेजवानी

"खरा कलावंत कधीच मरत नसतो," असं कलामंदिराच्या अध्यक्षांनी माइकवर सांगितलं आणि टाळ्या पडल्या. बोका मात्र मेला होता. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, खाट रिकामी नाही म्हणून फरशीवर. त्या दिवशी अध्यक्षांना सर्दी झाल्यामुळे येता आलं नव्हतं.

शेवटच्या रांगेत बसलेल्या ताईने टाळी वाजवली नाही. ती बोक्याची थोरली बहीण. दुकानांच्या पाट्या रंगवून तिने भावाला पोसलं, आणि भावाने शहरातल्या यच्चयावत प्रतिष्ठितांचा राग ओढून तिच्या दारात आणला. तळघरात चित्रं काढायची, तळघरातच दाखवायची, आणि जिन्यावर बूट वाजले की मागच्या झरोक्यातून पसार व्हायचं, म्हणून तो बोका. त्याच्या चित्रांत बडी बडी मंडळी असत आणि त्यांच्या अंगावर सूतही नसे. एका न्यायमूर्तींनी चित्रातला माणूस आपण नाही असं शपथेवर सांगितलं, तेव्हा बोक्याचा वकील म्हणाला, मग मांडीवरचा तीळ ताडून बघू या. खटला तिथेच आटोपला. पण पुढे कोणीतरी तळघरात शिरून चित्रं जाळली, आणि बोक्याचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार लावून घेतलं.

बोका तळघरं बदलत असे, आणि त्या जळालेल्या तळघराचा पत्ता तेव्हा दोघांनाच ठाऊक होता. एक ताई. दुसरा शेपूट, म्हणजे बोक्याच्या मागे मागे हिंडणारा त्याचा चेला. सध्या शेपूट माइकवर होता.

एकच चित्र उरलं, आणि ते जाळता येणारं नव्हतं. बंद पडलेल्या लाँड्रीखालची ती अख्खी भिंत बोक्याने हात मोडल्यावर डाव्या हाताने रंगवली. ताईने चुन्याचा गिलावा थापून द्यायचा आणि तो ओला आहे तोवर बोक्याने रंग भरायचा, अशी पद्धत. ओल्या चुन्यात रंग आत मुरतो. भिंत फोडल्याशिवाय निघत नाही. वाळलेल्या चुन्यावरचा रंग पाहुण्यासारखा नुसता वर बसतो. आज ना उद्या जाणारच.

भिंतीवर लांबलचक टेबल. त्याभोवती न्यायमूर्ती, डॉक्टर, बिल्डर, प्राचार्य, सगळे नागडे आणि सगळे जेवायला बसलेले. मधल्या थाळीत मनगटापासून तोडलेला एक उजवा हात. थाळीसमोरची खुर्ची रिकामी.

"ही कोणाची रे?" ताईने तेव्हा विचारलं होतं.

"येईल त्याची," बोका म्हणाला. "भुकेल्याला बोलावणं लागत नाही."

आता ती इमारत कलामंदिराने घेतली होती. भाषण संपल्यावर अध्यक्ष ताईला खाली घेऊन गेले.

"ताई, ही भिंत म्हणजे ठेवा आहे. फक्त या मंडळींना कपडे घाला."

"मी?"

"उद्घाटनाला त्यांच्या सुना, नातवंडं येणार. बरं दिसतं का? आणि त्या थाळीतल्या हाताचं काहीतरी करा. फळं वगैरे."

"आणि नाही केलं तर?"

"समितीला इथून लिफ्ट न्यायची आहे. भिंत पाडा म्हणतात. मी एकटा किती अडवणार?"

"शेपटा, हात झाला. आता भिंत."

अध्यक्ष हसले. "तुमच्या हातचं जेवलोय मी, ताई."

"खरकटं अजून काढतेय."

ते त्यांनी ऐकलं नाही, कारण ते रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. "ही अशी मोकळी वाईट दिसते," ते म्हणाले. "इथे मला बसवा. मित्र म्हणून. कोटात."

 ताईला एकदा वाटलं, चुन्याची बादली याच्या डोक्यावर उपडी करावी. पण बादली उपडी करून भिंत वाचत नव्हती. आणि चुना वाळलेला होता. ती हो म्हणाली.

तिने डिंकात कालवलेल्या रंगाने एकेकाला कोट चढवले. मुद्दाम काखेत दाटणारे. थाळीतल्या हातावर सफरचंदं रचली. अध्यक्ष राखाडी कोट घालून समोर बसले, हनुवटी वर करून. ताईने त्यांचं डोकं रंगवलं, मान रंगवली, कोट रंगवला. बटणं शेवटपर्यंत लावलेली.

सकाळी ती कुलूप काढून खाली गेली तेव्हा कोट नव्हते.

रंग सुटला असता तर जमिनीवर पापुद्रे पडले असते. फरशी स्वच्छ होती. सफरचंदं नव्हती, हात होता. चित्रातला शेपूट खुर्चीतच होता, पण उघडा. ताईने त्याची छाती काढलीच नव्हती. तरी ती होती, पांढऱ्या केसांसकट. पोटावर टाक्यांचा वाकडा व्रण होता.

ताई वाकली. ती उजव्या हाताची. तिचे फटकारे उजवीकडून डावीकडे उतरतात. हे उलटे उतरले होते.

बोट लावलं. चुना ओला होता.

ताई सरळ झाली. मग पूर्वी जिन्यावरून हाक मारायची त्याच आवाजात म्हणाली, "पुरे आता. हात धुऊन घे."

कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये पाणी ठिबकलं. लाँड्री बंद पडल्यापासून त्या नळाला पाणी नव्हतं.

वर आली तोच फोन वाजला.

"ताई, कालपासून शर्ट ओला लागतोय," अध्यक्ष म्हणाले. "बदलला तरी. अंगाची नुसती आग होतेय. तुमच्या त्या रंगात काय होतं?"

"डिंक. तुझ्या पोटावर टाके कधी पडले रे?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"येऊन बघ."

ते भर दुपारी आले. सोबत कलामंदिराचा चिटणीस होता आणि हातात रंग खरवडायचा लोखंडी पत्रा. कॉलर चुन्याने पांढरी झाली होती. त्यांनी ताईकडे पाहिलं नाही.

"वर थांबा," ते चिटणिसाला म्हणाले. "खरवडून काढतो आणि आजच पाडायला लावतो."

खालून पत्रा घासल्याचा आवाज येऊ लागला.

मग थांबला.

मग काटेचमचे वाजल्यासारखं वाटलं. खूप जण एकदम जेवायला बसल्यावर वाजतात तसे.

"आत कोणी आहे का?" चिटणिसाने हळूच विचारलं.

ताई जिना उतरू लागली.

फरशीवर राखाडी कोट पडला होता. कोटाच्या आत शर्ट, शर्टाच्या आत बनियन. बटणं शेवटपर्यंत लावलेली. बुटांच्या नाड्या बांधलेल्या. कापड वाळलेल्या गिलाव्यासारखं कडक.

भिंतीवरचा शेपूट सकाळी समोर बघत होता. आता जिन्याकडे बघत होता.

थाळीतला हात नव्हता.

बाकी सगळ्यांनी माना वळवल्या होत्या, मधल्या खुर्चीकडे.

चिटणिसाने बोलावलेल्या इन्स्पेक्टरने भिंतीवरच्या शेपटाच्या कपाळाला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं आणि ते पँटला पुसलं. "ओल आहे," तो म्हणाला.

भिंत पुराव्यात धरली गेली. तपास पूर्ण होईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम निघाला आणि तळघराला पोलिसांचं कुलूप लागलं. तपास चालू आहे. लिफ्ट मागच्या बाजूने बसवली. ती बहुतेक वेळा बंद असते.