कमलबाईची भाऊबीज

दिनकररावांच्या डोक्यात एकदा शिरलं की मग ब्रह्मदेव आला तरी ते निघायचं नाही. भाऊबीजेला जिंतूरहून गंगाखेडला सायकलवर जायचं म्हणजे जायचं. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर! एसटी आहे, पण ऐकतो कोण? लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला त्यांनी कमलबाईला ह्याच काळ्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिच्या भावाकडं नेलं होतं. चैत्रात कमलबाई गेली. दिवाळीच्या तोंडावर तिचा भाऊ मुंजाजी फोनवर रडला, "दाजी, दरसालची साडी घेतलीया. वैशूला तरी घिऊन या."

वैशू म्हणजे वैष्णवी, एकुलती एक लेक. पुण्याहून आपली गिअरची सायकल घेऊन आली. म्हातारा एकटा निघाला असता म्हणून आले, असं ती सगळ्यांना सांगत होती. खरी गोष्ट निराळी होती. माय गेली तेव्हा ती पुण्यात होती, शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नव्हतं. माय ज्या रस्त्यानं हसत माहेरी जायची, तो रस्ता तरी बघावा, एवढंच तिच्या मनात होतं.

पहाटे निघाले, परभणी मागं टाकली, पोखर्णीला चहा घेतला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. दिनकररावांनी, म्हणजे वैशूच्या अण्णांनी, उपरण्यानं कॅरिअर पुसलं, पायडलवर पाय ठेवला आणि मागं न बघताच विचारलं, "बसली का?"

वैष्णवीनं वळून त्यांच्याकडं बघितलं. "अण्णा..."

"चुकून गं. सवय हाय," अण्णा ओशाळून म्हणाले.

पण तेवढ्यात सायकलचं मागचं चाक दबलं. कुणी अंग सावरून बसावं तसं हळूच. वैष्णवीनं वाकून टायर दाबून बघितला. हवा गच्च होती, तरी टायर रस्त्याला चपटा झाला होता. आणि वास आला... मेथ्या घालून उकळलेल्या खोबरेलाचा. मायच्या वेणीचा.

ती काही बोलली नाही. बोलली असती तर वास गेला असता ना! दोन तास ती बापाच्या मागं, त्या रिकाम्या कॅरिअरला चाक लावून चालली. अण्णांना धाप लागली होती, पण तोंडावर काय ते समाधान! हळू आवाजात काहीबाही सांगत होते, मध्येच हसत होते. वैष्णवीनं हाक मारली तर ओ देत नव्हते.

दिवस बुडता बुडता गोदावरीचा पूल दिसायला लागला. आणि अण्णांनी सायकल पुलाकडं न नेता खाली, उसातल्या पाणंदीला घातली.

"अण्णा, रस्ता इकडं हाय!"

"ती म्हणायलीय... इकडून जवळ हाय."

पाणंद सरळ पाण्यात उतरत होती. चैत्रात मायची राख ह्याच पाण्यात सोडली होती. वैष्णवीनं जीव खाऊन सायकल दामटली आणि बापाच्या पुढं आडवी घातली. पाणी चार हातांवर राहिलं होतं. अण्णा तिच्याकडं बघत होते, पण ओळखत नव्हते.

वैष्णवी कॅरिअरकडं वळली. तिथं कुणी नव्हतं.

"माय," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "लय आठवण येती गं तुजी. रोज येती. पण अण्णाला नको निऊ... मला दुसरं कोन हाय? उतर. पाया पडते तुज्या, उतर."

ऊस सळसळला. मग चाक हळूहळू वर आलं.

अण्णांनी दचकून मागं बघितलं, मोकळ्या कॅरिअरवर हात फिरवला. "काय केलंस गं लेकरा?" ते कळवळून म्हणाले. "तिचे गुडघे दुखतेत. तिला चालवतंय का?"

वैष्णवीनं त्यांना दंडाला धरून पुलावरनं नेलं. मुंजाजीमामाच्या घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. मामीनं तिला पाटावर बसवलं, मामानं साडी मांडीवर ठेवली, सगळ्यांचेच डोळे भरून आले. अण्णा भिंतीला टेकून दाराकडं बघत बसले होते.

तेवढ्यात रतिबाचं दूध घेऊन परमेश्वर आला. पलीकडच्या काठाचा हा गडी, नुकताच रतीब घालायला लागलेला. चरवी खाली ठेवत तो म्हणाला, "मामा, तुमच्याकडं अजून कोन पाव्हनी यायची हाय का? पुलावर एक बाई भेटली. पार भिजलेली, लंगडत यायलीया. गाडीवर बसा म्हनलं, तर न्हाई म्हनली."

"कोन म्हनं?" मामानं विचारलं.

"नाव न्हाई सांगितलं. लेकीनं उतरवलं, म्हनली... पन रागात नव्हती हो. तुमच्याच घरी यायचं म्हनली."

"किती लांब हाय?" अण्णा उठून उभे राहिले.

"ह्या काय, गल्लीच्या तोंडाशी आल्या असतीन."

वैष्णवीनं बापाचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. दार सताड उघडं होतं. कडी लावायला मात्र तिच्यानं उठवेना.