हिरवं पाकीट

तैपेईच्या संगणक बाजारातल्या तळघरात चुआंग मास्तर मेलेली यंत्रं उठवून बसवत. माणूस सोडला तर सगळ्याचं औषध आपल्याकडे आहे, असं ते म्हणत. बायको तळघरात उतरत नसल्यामुळे ते खपूनही जाई.

त्या दुपारी लियाओ काकू नवऱ्याचा जुनापुराणा संगणक ढकलगाडीला बांधून घेऊन आल्या. काका वारून वर्ष झालं होतं. यंत्र सुरू झालं की काकांच्या आवाजात विचारायचं, "जेवलीस का?" तेवढं एक वाक्य त्यांनी हौसेनं त्यात भरून ठेवलेलं. काकू रोज ते ऐकत आणि मगच भाताचा वाडगा पुढे ओढत. आठवडाभर पडदा काळा होता. काकूंचे गाल बसले होते.

मास्तरांची नजर आधी संगणकाच्या खोक्यावरच्या खाऊच्या पाकिटावर गेली.

"पिवळं? काकू, पिवळं ठेवलंत?"

"जुन्याची तारीख उलटली होती. दुकानात हिरवं नव्हतं हो."

"मग संपावर जाईल नाहीतर काय! हिरवं म्हणजे चाल बाळा, पिवळं म्हणजे थांब."

यावर त्या शहरात कुणी हसत नाही. यंत्र शहाण्यासारखं चालावं म्हणून देव न मानणारे इंजिनिअरसुद्धा त्याच्या डोक्यावर हिरवा खाऊ ठेवतात आणि त्याची तारीख तपासतात. मास्तरांनी खणातलं ताजं हिरवं पाकीट कानाशी खुळखुळवून खोक्यावर ठेवलं आणि मग विज्ञानाकडे वळले. मेमरीच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. बटणाएवढी बॅटरी बदलली. डिस्कला कान लावला. टक्. टक्. टक्.

त्यांनी डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"काकू, ही गेली. आवाज हिच्यातच होता."

"एकदा लावून बघा ना."

"अहो, आत डिस्कच नाही!"

"एकदाच."

म्हाताऱ्या माणसाशी वाद नको म्हणून त्यांनी बटण दाबलं.

एक बीप. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं : डिस्क सापडत नाही.

मग आवाज आला.

"जेवलीस का?"

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. डिस्क तिथेच होती.

"नाही अजून," काकू म्हणाल्या. "तुम्ही?"

पंखा हळूहळू थांबला.

काकूंनी डोळे पुसले. "भूक लागली बाई. वर शेवयांचं दुकान उघडं असेल ना?"

मास्तरांनी मान डोलावली. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी हिरवं पाकीट उचललं. दोन्ही कडा पक्क्या बंद होत्या. तारीख पुढच्या वर्षाची.

त्यांनी ते कानाशी धरून हलवलं.

आत काहीच वाजलं नाही.