चंपतच्या लग्नाची कॅसेट

रविवारी ड्यूटीवर निघताना शामसुंदर दारातूनच ओरडला, "वसे, माही सिरियल भरून ठेवजो! मागच्या खेपेसारखी विसरू नको!"

वसुंधरेनं सोनीला पाळण्यात निजवलं आणि व्हीसीआरपाशी आली. कोरी कॅसेट घरात एकही नव्हती. होती ती शेजारच्या सिंधुताईंची, त्यांच्या चंपतच्या लग्नाची. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच कावीळ होऊन पोरगा गेला. सिंधुताईंकडे व्हीसीआर नव्हता, म्हणून कॅसेट इथंच राहायची. पुसली जाऊ नये म्हणून तिची मागची टिकली चंपतनंच मोडून ठेवलेली.

शेवटी थोडी कोरी असेलच, म्हणून पुन्हा भरता यावी यासाठी वसुंधरेनं मोडलेल्या टिकलीच्या भोकावर चिकटपट्टी लावली, कॅसेट पुढं पळवायला बटण दाबलं. घाईत मागं पळवायचंच बटण दाबलं गेलं. सिरियल संपल्यावर कळलं, सुरुवातीपासूनच भरली होती. हळद, मंगलाष्टकं, सगळं गेलं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि दुपारीच दारात सिंधुताई.

"चंपतले दाखवतं का वो बाई?"

"काकू... मशीन बिघडली."

"नाही बिघडली. लाव."

मान खाली घालून तिनं कॅसेट लावली. आता सिरियलची गाणी वाजतील, आणि काकू आपल्याकडे बघतील... पण आवाजच आला नाही. कूलरची घरघरही थांबली. खोलीत ओल्या हळदीचा वास दाटला.

"पाय ना, कसा हसून राहिला!"

वसुंधरेनं भीत भीत डोळे वर केले. पडद्यावर हीच खोली होती. जमिनीवर बसून ती स्वतः चिकटपट्टी लावत होती, चोरासारखी, दाराकडे बघत. तिच्या पाठीशी मुंडावळ्या बांधलेलं कोणीतरी पाळण्यावर वाकलेलं.

तिला रडू फुटलं. "काकू, म्या पुसली वो... माह्या हातून..."

"मले मालूम आहे," सिंधुताई शांतपणे म्हणाल्या. "सकाळीच सांगितलं त्यानं."

त्या उठल्या. वसुंधरेनं कॅसेट काढून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी हातही लावला नाही.

"राहू दे तुह्यापाशीच. कुठं जाईन तो आता?"

दार लोटून त्या गेल्या. टीव्ही आपोआप बंद झाला होता. पाळणा मात्र संथ हलत होता, आणि त्याची दोरी ताणलेली होती... दुसऱ्या टोकाला कोणी धरून बसावं तशी.