म्हसोबाला बांधलेली जीप

शहागंजच्या मागं माझी शेड आहे. भंगारातल्या जुन्या जीपा उचलायच्या, चासी ठोकून सरळ करायची, टेम्पोचं इंजिन बसवायचं आणि हौशी लोकांना डोंगरात घालायला द्यायच्या, हा माझा धंदा. नाव काकासाहेब, पण सगळे काकाच म्हणतात. लोक टायर विचारतात, रंग विचारतात. विंच लावून द्या म्हणाले की मात्र मी चहा मागवतो आणि बद्रीनाथचं सांगतो. काही जणांना मग विंच नको होते. त्यांची मर्जी.

बद्री माझा दोस्त, पैठणकडचा. नोकरी कंपनीत, जीव जीपमध्ये. त्याची जीप आम्ही दोघांनी खपून बांधली होती. टप नाही, काच नाही, पुढं लोखंडी बंपर आणि बंपरवर विंच. विंच म्हणजे मोटरवर फिरणारं रीळ आणि त्याला गुंडाळलेला वायररोप, पोलादी तारांचा दोर. गाडी रुतली की रोपाचं टोक झाडाला बांधायचं आणि बटन दाबायचं. रीळ रोप गुंडाळत जातं आणि गाडी स्वतःच ओढली जाऊन बाहेर येते.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं दोन जीपा घेऊन नाथसागराच्या आटलेल्या पात्रात उतरलो. पाणी मागं हटलं की धरणात गेलेली गावं वर येतात. घरांची जोती दिसतात, आडांची तोंडं दिसतात. त्यातलंच एक बद्रीचं गाव. त्याची आई द्वारकाबाई तिथं नवरी म्हणून आली आणि वर्षाच्या आत संसार उचलून काठावरच्या नव्या गावठाणात गेली. निघताना तिनं आम्हाला भाकरी बांधून दिल्या.

"सांजच्याला घरी ये रं," एवढंच ती बद्रीला म्हणाली.

ऊन कललं तेव्हा बद्रीची जीप रुतली. वर भेगाळलेली माती, खाली काळा गाळ. पोटापर्यंत खाली गेली. मी माझी जीप जोडून ओढायला गेलो तर माझीच घसरायला लागली. झाड तर तिथं औषधालाही नव्हतं.

बद्री सीटवर बसून हसत होता. "त्यो बघ," म्हणाला. रोप जेमतेम पुरेल इतक्या अंतरावर कमरेएवढा काळा दगड उभा होता.

"आमचा म्हसोबा हाय. गाव उठलं तवा बाकीचे देव गाडीत घालून नेले. ह्याला चार बैलं लावले, तरी हलला नाय. दोर तुटला अन् माझ्या चुलत आज्याचं मुंडकं उडालं. मंग ठिवला इथंच. चार बैलांना जो हलला नाय, त्यो जीपला काय हलतोय? ह्याच्यापरीस पक्का खुंटा कुठं घावंल, काका?"

मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. मी माझ्या जीपमधला ओढकामाचा पिवळा पट्टा दगडाभोवती टाकला आणि रोपाचा हुक त्यात अडकवला. एवढ्या उन्हात दगड गार होता आणि त्याला नुकत्याच कापलेल्या बकऱ्याचा वास येत होता. इतकी वर्षं पाण्याखाली राहिलेल्या दगडाला.

दगडाकडं पाठ करून, जरा बाजूला, मी हातानं खुणा करत उभा राहिलो. बद्रीनं बटन दाबलं. रोप ताणला गेला आणि रिळावर चढू लागला. पण जीप हलेना. रोप येतोय, जीप जागच्या जागी. मला वाटलं, पट्टा निसटला.

"थांब, बटन सोड."

"काका... सोडलंय मी..."

रीळ फिरतच होतं. मी बॉनेट उचकटून बॅटरीची वायर उपटली. मोटरचा आवाज बंद झाला, रीळ थांबलं नाही. मग त्या शांततेत मागून दुसरा आवाज आला, ओल्या मातीतून जड नांगर जावा तसा. मी वळून पाहिलं. दगड अर्ध्या वाटेवर आला होता.

मी धीट माणूस आहे असं लोक म्हणतात. माझी पँट ओली झाली होती.

बद्रीचा सीटबेल्ट निघेना. मी सीटखालचा कोयता ओढला आणि बेल्टवर घाव घालायला लागलो. एक घाव चुकून त्याच्या मांडीत बसला, तरी तो ओरडला नाही. त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं लागली होती.

"बिगी कर, काका... लई जवळ आलाय त्यो..."

बेल्ट तुटला. मी बद्रीला दंडाला धरून ओढलं आणि तेवढ्यात रोप तुटला. तुटलेला वायररोप येताना दिसत नाही, फक्त ऐकू येतो. त्यानं बद्रीचं मुंडकं नेलं. बाकीचा बद्री माझ्या अंगावर पडला. त्याच्या बोटांनी माझा शर्ट गच्च धरला होता आणि ती बोटं किती तरी वेळ सुटली नाहीत.

दगड आला, बंपर वाकवून टेकला आणि थांबला. त्याच्या तोंडावर बद्रीचं रक्त होतं. उडालेले शिंतोडे नव्हते ते. शेंदूर चोळावा तसं सगळीकडं सारखं लागलेलं होतं.

पंचनाम्यात लिहिलं, जीप दगडावर आदळली. पोटापर्यंत गाळात बसलेली जीप आदळते कशी, मी विचारलं. तुम्ही घाबरलेले आहात, घरी जा, म्हणाले. पुढं पाणी चढलं आणि दगड बुडाला.

यंदा पाणी हटलं तेव्हा द्वारकाबाईचा फोन आला. "ये," म्हणाली आणि ठेवून दिला. मी गेलो. तिच्या घरामागं काठाची उतरण आहे. दगड त्या उतरणीवर उभा होता आणि त्याच्यामागं थेट पाण्यापर्यंत खोल चर पडला होता. म्हातारी त्याच्यासमोर अनवाणी उभी होती.

"मावशी, घरात चला," मी म्हणालो.

"बैलं लावले तवा आला नाय," ती म्हणाली. "आता येतोय."

माझा पिवळा पट्टा अजून दगडाभोवती होता. हुक तसाच अडकलेला आणि हुकाला हातभर तुटका रोप. तो रोप खाली लोंबत नव्हता. घराच्या दाराकडं तोंड करून सरळ ताणलेला होता, ओझं ओढताना ताणतो तसा, थरथरत. त्याच्या टोकाला कुणी नव्हतं.

द्वारकाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि त्या मोकळ्या जागेकडं मायेनं बघितलं.

"दमानं, बद्री," ती म्हणाली. "आलं घर..."