एकविसावं काडतूस

काडतुसं घरी भरायला शिकायचं तर सुरुवातीला काय सामान घ्यावं, हे ऑर्व्ह लिंडालला विचारायचं म्हणजे अख्खी दुपार घालवायची तयारी हवी. लुईसटाउनच्या मेन स्ट्रीटवर त्याचं बंदुकांचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की तो आधी कॉफी ओततो, मग तोंड उघडतो. मला घाई होती. माझी मुलगी कॅरिन दहा दिवसांनी सिएटलहून येणार होती, माझ्या वडिलांची रायफल घेऊन एल्कच्या, म्हणजे मोठ्या सांबरासारख्या हरणाच्या, शिकारीला जायला. त्या रायफलीची काडतुसं आता कुठलाच कारखाना काढत नाही. ऑर्व्हने कुठून तरी वीस रिकाम्या पितळी पुंगळ्या मिळवून दिल्या होत्या. दारू आणि गोळी मी बसवायची.

रायफलीचा मागचा भाग पोरीच्या डोळ्यापासून चार बोटांवर असतो. दारू जास्त पडली तर काय होतं, ते मला कुणी सांगायला नको होतं.

"पुंगळीत गोळी दाबून बसवायला एका हाताचा साधा प्रेस घे," ऑर्व्ह म्हणाला. "भराभर भरणाऱ्या यंत्राच्या नादी लागू नकोस. पहिल्या वर्षी माणसानं एकेक काडतूस भरावं. आणि पैसे कशातही वाचव, पण तराजूत वाचवू नकोस."

"बॅटरीवाला नको हं. बत्तीस वर्षं जमिनी मोजल्यात मी. मला डोळ्यांना दिसणारा काटा हवा."

त्याने जरा विचार केला आणि काउंटरखालून एक खोकं काढलं. हिरवा प्रेस, काडतुसं उभी करायची भोकांची लाकडी फळी, आणि खाचांवरून वजन सरकवायचा जुना तराजू. दांडीला तेलाचा हात फिरवलेला होता.

"आपल्या गावातला तो आयनार सॅथर, वारला ना, त्याचं सामान. दोनदा विकलं, दोनदा परत आलं."

"मोडलंय?"

"छे गं! घोड्यासारखं चालतं. म्हणाले, ह्यावर एकट्यानं काम करता येत नाही."

"म्हणजे दोन माणसं लागतात?"

"मीही तेच विचारलं. दोघंही पैसे परत घेऊन चालते झाले."

मी हसले. सॅथर गेल्यावर त्याने भरलेली दोनशे काडतुसं बायकोने इथेच आणून फोडून रिकामी करून घेतली होती, हेही ऑर्व्हने सांगितलं. त्यात नवल नव्हतं. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आणि दुसऱ्याची कवळी, सख्ख्या भावाची असली तरी घालायची नसते, असं आमच्याकडे लहानपणीच शिकवतात.

मागच्या शेडमधल्या बाकावर मी सामान मांडलं. काडतुसं भरायच्या पुस्तकातला दारूचा सर्वांत कमी आकडा घेतला, तराजूचं वजन त्या खाचेवर आणलं, आणि चष्मा आणायला घरात गेले. परत आले तर वजन दोन खाचा खाली.

धक्का लागला असेल, म्हणून पुन्हा लावलं. पुंगळ्यांचा डबा घ्यायला पाठ फिरवली. दोन खाचा खाली.

"डॉइल!" मी घराकडे तोंड करून ओरडले. "शेडमध्ये आला होतास का रे?"

"मी?" माझा नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. "बाईसाहेबांच्या प्रयोगशाळेत? जिवावर उदार झालोय का मी?"

मला राग यायला हवा होता, पण आली ती उत्सुकता. मी वजनाला चिकटपट्टी लावली. समोर बसून टक लावून पाहिलं, वीस मिनिटं. काही हललं नाही. मग शिंक आली. डोळे उघडले तेव्हा पट्टी जशीच्या तशी दांडीवर होती, आणि वजन तिच्याबाहेर, दोन खाचा खाली.

तेव्हा मला सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. मी माझी पाणसळ आणून बाकावर ठेवली. बुडबुडा एका कडेला पळाला. बाक कलता होता आणि मी तराजू शून्यावर न आणताच मोजत होते! बत्तीस वर्षं जिने दुसऱ्यांना "आधी लेव्हल कर" म्हणून दम भरला, तिने हे करावं! तराजू नीट बसवून ताडून पाहिलं. माझी दारू दोन खाचांइतकीच जास्त पडली असती.

"उपकार झाले, सॅथर," मी मोठ्याने म्हणाले. मला संकोच वाटला नाही.

त्यानंतर वजन हललं नाही. दोन दिवस मी शांतपणे काम केलं. कधीकधी उजव्या बाजूला कुणी उभं असल्यासारखी ऊब यायची. मला ती आवडायला लागली होती.

शेवटची गोळी बसवली आणि फळीवरची काडतुसं मोजली. एकवीस.

पुंगळ्या वीसच होत्या. पुन्हा मोजली. डॉइलला बोलावलं, त्याने बोट ठेवून मोजली. "एकवीस. बाईसाहेब, तुमचं गणित कच्चं."

एकेक तोलून पाहिलं. केसाचाही फरक नाही. कुठलं माझं नव्हतं, ते कळायला मार्ग नव्हता. रीत म्हणत होती, सगळी फोड. पण कॅरिनची गाडी फाटकात शिरली होती. आणि खरं सांगू? मला सॅथरचा भरवसा वाटत होता. माझ्या पोरीचा डोळा त्याने वाचवला होता.

"सगळी झाडून ये, हात बसेल," मी तिला सकाळी म्हटलं. "त्याच पुंगळ्या शिकारीसाठी पुन्हा भरू."

ती ओढ्यापलीकडच्या खडीच्या खाणीत गेली. मी भांडी घासत आवाज मोजत होते. आठ. बारा. एकोणीस. वीस.

मग काहीच नाही.

मी हात न पुसताच धावले.

कॅरिन उभी होती. धडधाकट. रायफल ताडपत्रीवर, नळी मातीच्या ढिगाकडे.

"आई, अशी काय धापा टाकतेस? शेवटचं वाजलंच नाही. टिक झालं, बस."

मी तिला दूर ओढलं. काडतूस उशिरा उडालं तर, म्हणून अर्धा तास आम्ही थांबलो. मग मी स्वतः रायफलीचा बोल्ट, म्हणजे मागची कडी, उघडला.

आत काहीच नव्हतं.

"मी घातलं होतं," कॅरिन म्हणाली. "माझ्या हातानं."

ताडपत्रीवर वीस पुंगळ्या होत्या. दुपारपर्यंत आम्ही खडी उपसली, पण एकविसावं सापडलं नाही.

शनिवारी पुन्हा भरलेल्या त्या विसांतल्या एकाने तिने एल्क पाडला. खूश होऊन, बर्फपेटीत मांस भरून सिएटलला गेली. रायफल माझ्याकडेच ठेवून.

बुधवारी मी खोकं ऑर्व्हच्या काउंटरवर ठेवलं.

"तिसऱ्यांदा," तो म्हणाला. मी सगळं सांगितलं. एकवीस म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"सॅथर कसा गेला, ऐकलंस ना?"

"हृदय बंद पडून."

"ते पेपरात. बायको वेगळं सांगायची. वीस भरायला बसला, एकवीस निघाली. आपलं नाही म्हणून त्यानं ते झाडलं नाही. कुठंतरी पुरून आला. आठ दिवसांनी ते त्याच्या नाश्त्याच्या ताटलीशेजारी उभं होतं. त्यानं उचललं फक्त, मार्लिस, आणि ते हातातच उडालं. बंदूक तर कपाटात कुलपात होती."

"मग तराजू कोण सरकवत होतं?"

ऑर्व्हने खोकं हळूच माझ्याकडे सरकवलं. सॅथर नव्हता, एवढं मला तेव्हा कळलं; जे होतं ते त्याच्या जिवंतपणीही त्या खोक्यात होतं, आणि वजन सरकवून त्याने फक्त माझा भरवसा मिळवला होता.

खिशात फोन वाजला. कॅरिन होती, हसत होती.

"आई, तू पण ना! माझ्या बेसिनपाशी ते काडतूस कधी ठेवलंस?"

"खाली ठेव ते." मी ओरडले. "हात लावू नकोस, कॅरिन."

"अगं, हातातच आहे," ती म्हणाली. "कोमट आहे. मघापेक्षा जास्त."